आधी व्याख्या वाच, मग निधी मोज

प्रिय अभ्यासकास,
सप्रेम नमस्कार.

लहान शहरे आणि त्यांना मिळणारा निधी यांवरील तुझ्या प्रबंधाचा आराखडा लक्षपूर्वक वाचला. निरनिराळ्या देशांतील लहान शहरे लोकसंख्येनुसार एकाच तक्त्यात मांडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेव, असे मी आग्रहाने सांगेन, कारण शहर कशाला म्हणायचे याचे माप प्रत्येक देशात वेगळे आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये एकमेकांपासून 200 मीटरच्या आत असलेल्या घरांत 200 माणसे राहत असली, तरी ती सलग नागरी वस्ती म्हणून मोजली जाते. जर्मनीत 5,000 ते 20,000 लोकवस्तीला लहान शहर म्हणण्याचा प्रघात आहे. जपानमध्ये शहराच्या दर्जासाठी साधारणतः 50,000 लोकसंख्या लागते. अमेरिकेने तर 2020 च्या जनगणनेसाठी नागरी क्षेत्राची किमान मर्यादा 2,500 लोकसंख्येवरून 5,000 लोकसंख्या किंवा 2,000 घरे अशी केली, आणि जागच्या जागी असलेल्या कित्येक वस्त्या ग्रामीण ठरल्या.

म्हणून व्याख्या कोणी केली आणि कशासाठी केली, हे आधी शोध. भारताचे उदाहरण यासाठी खोलात जाऊन अभ्यासण्याजोगे आहे. किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसांची घनता आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी (म्हणजे वर्षातले निदान सहा महिने काम असलेल्यांपैकी) किमान 75 टक्के बिगरशेती कामात, या तिन्ही अटी पुऱ्या करणारे गाव जनगणनेच्या दृष्टीने शहर ठरते. अशी जनगणना शहरे 2001 मध्ये 1,362 होती, ती 2011 मध्ये 3,894 झाली. मात्र नगरपंचायत स्थापण्याचा निर्णय राज्य सरकारचा असल्यामुळे तो होईपर्यंत कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो आणि दाट वस्तीचे सांडपाणी, कचरा, वाढती बांधकामे हे सारे तिच्या तुटपुंज्या मनुष्यबळावर येऊन पडते. पुष्कळदा गावकऱ्यांनाही नागरी दर्जा नको असतो, कारण कर वाढण्याची आणि ग्रामीण योजना हातच्या जाण्याची भीती असते. ही भीती अडाणीपणाची नाही, हिशेबाची आहे. तिला स्वतंत्र प्रकरण दे.

मला स्वतःला इटलीची दृष्टी अधिक न्याय्य वाटते. तेथे दुर्लक्षित अंतर्गत प्रदेश ठरवताना माध्यमिक शाळा, आपत्कालीन उपचारांचे रुग्णालय आणि रेल्वे स्थानक असलेल्या केंद्रापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे पाहिले जाते.

फ्रान्सने 2020 मध्ये लहान नगरांसाठी सुरू केलेला कार्यक्रमही याच अंगाने वाच. 20,000 हून कमी लोकसंख्येची, पण आसपासच्या गावांना सेवा पुरवणारी 1,600 हून अधिक नगरे त्यात आहेत, आणि बांधकामाच्या निधीबरोबरच नगरात नेमलेल्या प्रकल्पप्रमुखाच्या वेतनाचा मोठा वाटाही उचलला जातो. मला हे कलम सर्वांत मोलाचे वाटते, कारण निधीसाठी प्रस्ताव मागवले जातात तेव्हा ते लिहू शकणारा माणूस ज्या नगराकडे नाही, ते कितीही गरजू असले तरी मागे पडते. प्रत्यक्ष पाहणीला जाशील तेव्हा मंजूर रकमेच्या आधी हे विचार, की प्रस्ताव कोणी तयार केला, त्या माणसाचे वेतन कोण देते आणि तो त्या नगरात किती काळ टिकला.

तुझा हितचिंतक