पहिल्यांदा कलादालनात चित्रं लावताना

बालगंधर्वच्या कलादालनात तुमच्या गटाबरोबर तुझी अमूर्त चित्रं लागणार, याचा मनापासून आनंद झाला. आता आधी निवड कर. भिंत मिळाली म्हणून घरातलं सगळं नेऊ नकोस. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास करायचे. रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या पातळ सुरीने, रंगाचे थर चढवत, खरवडत. एकमेकांशी बोलणारी चार-पाच चित्रं घे आणि त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी भिंत सोड. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर आला की नजरेला बरोबर बसतो.

पावसाळा आहे, म्हणून हे नीट ऐक. अ‍ॅक्रिलिक रंग दमट हवेत मऊ पडतो. त्यावर थेट बबल रॅप गुंडाळलास तर गोल गोल वण उठतात आणि ते जात नाहीत. आधी ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत पातळ कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. टेम्पोत चित्रं उभीच ठेव. मागे नाव, वर्ष, माध्यम, माप लिही, आणि वरची बाजू बाणाने दाखव. अमूर्त चित्र उलटं टांगलं जाणं फार सोपं असतं!

किंमत सगळ्यांना एकच सांग, नातेवाइकांनासुद्धा.

‘हे नेमकं काय आहे?’ असं कुणी विचारलं तर चिडू नकोस, अर्थही सांगत बसू नकोस. कुठला रंग आधी लावला, कुठला पुसला, ते सांग. माणसं मग चित्राजवळ जाऊन बघतात.