बाळाच्या लाल डागावर डोळ्यांचे थेंब: चिठ्ठी चुकलेली नाही

सात आठवड्यांच्या मुलीच्या दंडावरचं लाल लासं फुगत चाललंय आणि डॉक्टरांनी त्यावर लावायला डोळ्यांचे थेंब दिलेत, हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. बरोबर आहे. माझ्या लेकीच्या पाठीवर पिकल्या रातांब्याच्या रंगाचा असाच डाग होता. याला हिमँजिओमा म्हणतात, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. गुहागरच्या औषधवाल्यानेही बाटली बघून विचारलं होतं, "बाळाच्या डोळ्याला काय झालं?"

हे टिमोलॉल. मुळात काचबिंदूचं औषध, पण त्याने डागातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वाढ थांबते. त्याच जातीचं प्रोप्रॅनोलॉल फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी एका मुलाला हृदयासाठी दिलं, तर त्याच्या नाकावरची अशीच गाठ उतरू लागली. त्यांनी ते 2008 साली प्रसिद्ध केलं. मोठ्या डागांना तेच तोंडावाटे देतात. लहान, वरवरच्या डागांना थेंब पुरतात.

आम्ही सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब हलक्या बोटाने पसरायचो. लवकर जावं म्हणून जास्त मात्र लावू नका. ते कातडीतून रक्तात उतरतं, ठोके मंदावू शकतात, साखर कमी होऊ शकते. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दंड तिच्या तोंडापाशी जातो, तेव्हा ती चोखणार नाही हे बघा. डाग फुटला, जखम झाली, तर थेंब थांबवून दाखवून या. न्हाऊ घालणाऱ्या बाईला तिथे चोळू देऊ नका. चुना तर मुळीच नको, कोवळी कातडी भाजते.

मला सासूबाई म्हणाल्या, ग्रहण पाळलं नाहीस. त्या बोलण्याने मी तीन आठवडे रडत घालवले, आणि डाग सर्वांत वेगाने वाढतो तो याच पहिल्या दोन-तीन महिन्यांत. तुमचा काहीही दोष नाही. डोळा, ओठ, नाक, हनुवटी-गळा किंवा लंगोटाच्या जागी डाग असेल, किंवा पाच-सहा डाग असतील, तर वाट न बघता रत्नागिरीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. जास्त डाग असले की यकृताची सोनोग्राफीही करतात. जन्मापासून सपाट, जांभळट असलेला डाग मात्र वेगळा. तो आपोआप जात नाही, त्याला लेझर लागतं.

लेकीचा डाग आधी मधोमध राखाडी झाला, मग बसत गेला. चार वर्षांची होईतो फिकट, जराशी सैल कातडी उरली. दर रविवारी डागाशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा.