गुळाची ढेप, काजू आणि सुसाट जीभ

प्रश्न: ताई, परवा मुलाने मोबाइलवर एक ब्राझीलचा रॅपर लावला, डोक्यावर खेड्यातल्यासारखी गवताची हॅट, आणि पोर्तुगीजमधे असा सुसाट सुटला की मला वाटलं व्हिडिओ फास्ट केलाय. नाव रापादुरा कायतरी. पोरगा म्हणतो ही सगळी अमेरिकेची कॉपी आहे. खरंय का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर: अर्धंच खरंय. बीट, माइक आणि 'रॅप' हा शब्द अमेरिकेचा, मान्य. (शब्दाचंही त्यांनी पार ब्राझिलियन करून टाकलंय, सुरवातीच्या र चा ह होतो आणि शेवटी इ चिकटते, म्हणून रॅपचं 'हेपी'!) पण तो स्पीड मात्र घरचा आहे. हा गडी सिआरा राज्याचा, म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातला, आणि तिथल्या बाजारात रॅपच्या कितीतरी आधीपासून एम्बोलादा चालत आलाय. दोघं जण समोरासमोर उभे, हातात पांदेइरो म्हणजे आपल्या खंजिरीसारखं वाद्य, आणि एकमेकांची जागच्या जागी शब्द जुळवून टिंगल, आपल्या कलगी-तुऱ्यातल्यासारखी पण वेग दुप्पट. शब्दांचा गोळा होऊन बाहेर पडतो म्हणून ते नाव. मधे ध्रुपद येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा, बस्स. रापादुरा हेच रॅपमधे आणतो.

आता गंमत बघा. रापादुरा म्हणजे गुळाची ढेप! स्पेलिंगची पहिली तीन अक्षरंही आर-ए-पी. आणि त्याच ईशान्य भागातल्या पेर्नाम्बुको राज्याची एम्बोलादावाली प्रसिद्ध जोडी आहे तिचं नाव काजू आणि कास्तान्या, म्हणजे काजूचं बोंडू आणि बी. आपला काजू पण पोर्तुगीजांनी तिकडूनच गोव्यात आणला ना, शब्दासकट.

हॅटचं म्हणाल तर ती मुद्दामच. दुष्काळाने या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या साओ पाउलोला बांधकामावर गेली, तिथे त्यांच्या बोलण्याची, हेलाची चेष्टा व्हायची, अजून होते. मग हा माणूस तोच हेल घेऊन, तीच हॅट घालून, कुणाला अडवता येणार नाही अशा वेगात बोलतो. मला तरी नुसता स्पीड ऐकून दोन मिनिटांत कंटाळा येतो, पण इथे त्या चेष्टेशी भांडण आहे, म्हणून ऐकत राहते. आणि चेष्टा होणाऱ्या याच भागातला रेपेंते हा शीघ्रकवनाचा प्रकार, त्याला २०२१ साली ब्राझीलने राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवलं.

प्रश्न: पोर्तुगालचे रॅपर पण असंच गातात का?
(तेच वाचक)

उत्तर: नाही हो, भाषा एकच पण तोंड वेगळं. ब्राझीलवाले स्वर मोकळे सोडतात, 'तेलेफोनी' म्हणतात, पोर्तुगालवाले स्वर गिळून 'त्लफॉन' करतात, त्यामुळे ताल आपोआप बदलतो. आणि लिस्बनच्या कडेच्या वस्त्यांत केप व्हर्द या आफ्रिकेजवळच्या बेटांच्या देशातून आलेल्यांची पोरं कित्येकदा पोर्तुगीज बाजूला ठेवून क्रिओलमधेच, म्हणजे त्यांच्या पोर्तुगीज-आफ्रिकी मिसळीच्या बोलीत, रॅप करतात, अभिमान तिथे भाषा बदलण्यात आहे. आफ्रिकेतल्या, पोर्तुगीज चालणाऱ्या अंगोला देशात तर अजून वेगळं, तिथला रॅपर लुआती बेइराऊं २०१५ साली सरकारविरोधी म्हणून तुरुंगात गेला आणि ३६ दिवस उपोषणाला बसला. ते रॅप ऐकताना स्पीड शोधत बसू नका, मुलाला शब्दांचा अर्थ नेटवर काढायला लावा.