युरोपात शस्त्रखरेदीच्या अधिकाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण कशाला?

टेंडर काढणं, करार तपासणं त्यांना येतंच. अडतं ते दुसरीकडे. एकच वस्तू पाच देशांनी मिळून घ्यायची म्हटली, की प्रत्येकाचं सैन्य वेगळं मागतं, प्रत्येकाचं बजेट वेगळ्या वेळी मंजूर होतं आणि काम आपल्याच कारखान्याला मिळावं असं प्रत्येकाला वाटतं. ए४००एम मालवाहू विमान बघा: सात देश, २००३ चा करार, पहिलं विमान फ्रान्सला मिळालं २०१३ मध्ये!

म्हणून फ्रान्समधली 'आयएचईडीएन' ही संरक्षणविषयक शिक्षण देणारी सरकारी संस्था 'सेरा' नावाचं प्रशिक्षण सत्र घेते. त्यात वेगवेगळ्या देशांचे लष्करी, सरकारी आणि उद्योगातले अधिकारी एकत्र बसतात. माझ्या मते व्याख्यानांपेक्षा ही ओळखच जास्त मोलाची. उद्या वाटाघाटीत समोर तीच माणसं असतात.

शिकण्यासारखा एक मुद्दा म्हणजे जर्मनीतल्या बॉनची 'ओकार' संस्था, जी अनेक देशांचे संयुक्त शस्त्रप्रकल्प सांभाळते. देशाने जितके पैसे दिले तितकं काम त्याच्या कारखान्यांना, हा हिशेब ती प्रत्येक प्रकल्पात लावत नाही, अनेक वर्षांत अनेक प्रकल्प मिळून जुळवते. हे तत्त्व अधिकाऱ्यांनी आपापल्या देशाच्या मंत्रालयाला पटवणं फार अवघड, आणि त्यासाठीच तयारी लागते. २०२३ मध्ये तर किमान तीन देशांनी मिळून खरेदी केली तर युरोपीय संघाकडून पैसे मिळण्याची सोयही झाली, त्यामुळे अशा माणसांची गरज वाढलीच आहे.