एकाच सदनिकेची तीन क्षेत्रफळे

प्रश्न : नौपाड्यातील आमची वन-बीएचके सदनिका विकायची आहे. 1994 च्या करारनाम्यात 580 चौरस फूट बिल्ट-अप (म्हणजे बाहेरच्या भिंतीही धरून) असे लिहिले आहे. मुलाने टेपने खोल्या मोजल्या, तर बेरीज 407 आली. एजंट मात्र 469 कार्पेट म्हणतो. मुलाने केलेल्या मोजमापाचा कागद सोबत जोडला आहे. ग्राहकाला कोणता आकडा सांगावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला कागद काळजीपूर्वक पाहिला. मुलगाही चुकलेला नाही आणि एजंटही. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. मुलाने भिंतींमधली फरशी तेवढी धरली. त्याच्या आराखड्यातील आतल्या भिंतींची एकूण लांबी 44 फूट आणि जाडी अर्धा फूट आहे, म्हणजे 22 चौरस फूट त्याच्या बेरजेतून सुटले. 2016 च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातील व्याख्येनुसार चटई क्षेत्रात, म्हणजे कार्पेटमध्ये, आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठीची पोकळी) आणि बाल्कनी मात्र वगळली जाते. त्या हिशेबाने आपले चटई क्षेत्र 429 चौरस फूट होते. त्यात 10 बाय 4 ची बाल्कनी मिळवली की एजंटचे 469 येतात. जुन्या मोफा (रेरापूर्वीचा महाराष्ट्राचा सदनिका कायदा) करारांत बाल्कनीसह चटई क्षेत्र दाखवण्याची रीत असल्याने ही मिळवणी आजही सर्रास होते. रेराची बंधने मुख्यतः विकासकांवर असली, तरी पुनर्विक्रीतला ग्राहकही आता 'कार्पेट' म्हटले की तीच व्याख्या समजतो. म्हणून '429 चौरस फूट चटई क्षेत्र, शिवाय 40 चौरस फूट बाल्कनी' असे सुटे सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तत्पूर्वी एकदा फेरमोजणी करावी. कापडी टेप ताणली जाते, त्यामुळे पोलादी टेप किंवा लेझर मीटर वापरावा. लेझर असल्यास तो माप उपकरणाच्या मागच्या कडेपासून धरतो की पुढच्या, हे आधी तपासावे, कारण तेवढ्याने प्रत्येक मापात काही इंचांचा फरक पडतो. टेप जमिनीलगत लावली तर दोन्हीकडची स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) माप खाते, म्हणून तिच्या वर, प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत मोजावे. कपाटामागची भिंत विसरू नये. जुन्या इमारतींत भिंती क्वचितच काटकोनात असतात, त्यामुळे प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी दोन ठिकाणी घेऊन सरासरी काढावी.

सर्वांत जास्त चुका मात्र इंचांच्या होतात. 15 फूट 11 इंच म्हणजे 15.11 नव्हे, 15.92 फूट. खोली 10 फूट रुंद असेल, तर एवढ्याशा चुकीने 8 चौरस फूट नाहीसे होतात, आणि ठाण्यातील आजच्या दरांत 8 चौरस फूट ही लहान रक्कम नाही. चौरस मीटरमध्ये आकडा हवा असल्यास 10.764 ने भागावे. आपले 429 चौरस फूट म्हणजे सुमारे 39.85 चौरस मीटर.

बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असल्यास तिची मूळ रेषा महानगरपालिकेच्या मंजूर नकाशावर पाहावी आणि त्याच रेषेपर्यंत हॉल मोजावा. ग्राहकाने गृहकर्ज घेतले तर बँकेचा मूल्यांकनकारही कागदपत्रे पाहून घर मोजतो, आणि तेथे वाढीव आकडा उघडा पडला की ठरलेला व्यवहार मोडू शकतो. करारनाम्यातील 580 बिल्ट-अप हा नोंदणीकृत आकडा आहे तसाच, 'बिल्ट-अप' या नावासह उद्धृत करावा. खोलीनिहाय मापांचा कागद तारीख घालून स्वतः सही करावा आणि त्याची एक प्रत, जाहिरात देण्यापूर्वीच, एजंटच्या हाती द्यावी.