लग्नाचा व्हिडिओ पाठवला की फिक्का का पडतो?

प्रश्न: दादा, आई-बाबांच्या १९९६ च्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आमच्याकडं होती. २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं पण ही माळ्यावर होती म्हणून वाचली. मागच्या महिन्यात एका ठिकाणी देऊन डीव्हीडी करून घेतली, २ तासांचं आहे, ४.३ जीबी भरतंय. पुण्याच्या आत्याला आणि बडोद्याच्या मामाला पाठवायचं म्हणून मोबाईलवरच्या एका अ‍ॅपनं १८० एमबी केलं तर सगळ्यांची तोंडं चिखलानं सारवल्यासारखी झाली, कोण हललं की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात, आणि आजीचा उखाणा तर कळतच नाही. काय चुकलं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: ताई, व्हिडिओ लहान करायचं नंतर बघू, आधी एक काम आजच करा. डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो तो आहे तसा हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या, आणि त्याची अजून एक कॉपी दुसऱ्या गावात ठेवा, मामांकडं ठेवली तर उत्तमच, कारण २००५, २०१९, २०२१, कृष्णा कुठपर्यंत येते ते तुम्हीही बघितलंय. अशा राइट केलेल्या डीव्हीडी काही वर्षांनी वाचायच्या बंद होऊ शकतात, तिच्यावर भरवसा नको. आणि कॅसेट टाकू नका.

हे एवढं कळकळीनं सांगतोय कारण आमच्या आजोबांच्या पंचाहत्तरीची कॅसेट मी २००९ मध्ये कॉम्प्युटरवर घेतली, जागा वाचावी म्हणून ३२० बाय २४० ची बारकी फाईल केली आणि मोठी उडवून टाकली. कॅसेट पुढं पुरात गेली. आता आजोबा औक्षणाला मान वर करतात तिथं नाक कुठं आणि मिशी कुठं ते दिसत नाही, नुसते चौकोन दिसतात, आणि ते आता कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येणार नाही. लहान केलेली फाईल पाठवण्यासाठी असते, ठेवायची असते ती मोठी.

आता तुमचं काय झालं ते बघा. व्हिडिओची साइज ठरते बिटरेट (म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवली) आणि वेळेवर, बाकी कशावर नाही. १ एमबीपीएस बिटरेट म्हणजे मिनिटाला साडेसात एमबी, तासाला ४५० एमबी. तुमची डीव्हीडी ४.८ एमबीपीएसच्या आसपास आहे. अ‍ॅपनं २ तास १८० एमबीत बसवले म्हणजे चित्र आणि आवाज मिळून ०.२ एमबीपीएस राहिलं, त्यातच आजीचा आवाज पण आला, मग तो कळणार कसा.

कॉम्प्रेशन कसं चालतं ते तुमच्या आई-बाबांच्याच लग्नातून सांगतो. मधूनमधून एक चित्र पूर्ण साठवलं जातं आणि मधल्या चित्रांत फक्त आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलं जातं. मंगलाष्टका चालू आहेत, अंतरपाट धरलाय, गुरुजी जागेवर उभे, नुसते ओठ हलतायत, तिथं लिहायला फार काही नसतं, कमी बिटरेटमध्येही चित्र छान राहतं. मग ‘सावधान’ होतं आणि अक्षता पडतात. हजार दाणे हवेत, प्रत्येक दाणा वेगळीकडं, त्यात हॅलोजनचा उजेड, सगळ्यांचे हात वर, म्हणजे चित्राचा प्रत्येक कोपरा एकदम बदलतो आणि नेमकं तिथंच बिट्स कमी पडून सगळ्याचा चिखल होतो. म्हणून ठरावीक साइज सांगून कोंबायचं नाही, क्वालिटी ठरवून द्यायची, मग सॉफ्टवेअर अंतरपाटावर वाचवतं आणि अक्षतांवर खर्च करतं.

कंगव्याच्या रेषांचं कारण वेगळं आहे. आपल्याकडची व्हीएचएस आणि डीव्हीडी पाल पद्धतीची, सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकात एक सोडून एक ओळी आणि दुसऱ्यात उरलेल्या. जुन्या टीव्हीवर ते अर्धे भाग एकामागून एक यायचे म्हणून डोळ्याला कळायचं नाही. मोबाईल दोन्ही एकदम दाखवतो, आणि मधल्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागात नवरीचा पदर पुढं गेलेला असतो. याला इंटरलेसिंग म्हणतात, आणि ते कॉम्प्रेस करतानाच काढायला लागतं. एकदा त्या रेषांसकट लहान झालं की त्या कायमच्या बसतात, शिवाय त्या रेषा साठवण्यात बिटरेट खर्च होतो तो वेगळाच.

तर करायचं असं. कॉम्प्युटरवर ‘हँडब्रेक’ टाका, फुकट आहे, जाहिराती नाहीत. आतल्या सुट्या व्हीओबी (व्हिडिओच्या) फायली न देता तो पूर्ण व्हिडिओ टीएस फोल्डर उघडा, नाहीतर लग्नाचे चार-पाच तुकडे होतील. प्रिसेटमध्ये (तयार सेटिंगमध्ये) ‘फास्ट ५७६पी२५’ घ्या, फॉरमॅट एमपी४, कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, एच.२६४ (२००३ चा आहे, जुन्या टीव्हीपासून स्वस्त मोबाईलपर्यंत सगळीकडं चालतो), क्वालिटीचा आकडा (आरएफ) २०, आणि हा आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त, इथं बरेच जण उलटं धरतात. फिल्टर्समध्ये डीइंटरलेस चालू आहे ना बघा. व्हीएचएसवर मुंग्या असतात, त्यासाठी डीनॉइज लावा पण अगदी लाइट, कारण सॉफ्टवेअरला प्रत्येक मुंगी म्हणजे नवीन माहिती वाटते आणि ती साठवत बसतं, मात्र जास्त लावलं तर माणसं मेणाची दिसायला लागतात आणि साडीचे काठ पुसले जातात. चित्राच्या अगदी तळाला फाटल्यासारखी पट्टी असेल तर तेवढी क्रॉप करा. साइज १२८० बाय ७२० करायच्या मोहात पडू नका, कॅसेटमध्ये नाही ते त्यानं येत नाही आणि ४:३ चं चित्र ओढलं की बाबा उगाच जाड दिसतात. आवाजाला एएसी कोडेक, बिटरेट १६० केबीपीएस ठेवा, दोन तासांचे दीडशे एमबीच्या आत होतात, तिथं काटकसर नको. ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ वर टिक करा, त्यानं फाईलची सूची पुढं येते आणि लिंकवरून बघणाऱ्याला पूर्ण डाउनलोड व्हायची वाट बघायला लागत नाही.

पूर्ण २ तास एकदम लावू नका, आधी फक्त अक्षतांची दोन मिनिटं करून बघा. तिथं तोंडं ओळखू आली तर बाकीच्या लग्नाची काळजी नाही. सगळं मिळून फाईल २ जीबीच्या वर गेली तर आरएफ २२ करा.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून व्हिडिओ म्हणून टाकला की ते परत स्वतःचं कॉम्प्रेशन करतं आणि तुमची मेहनत गेली. डॉक्युमेंट म्हणून जोडा, २ जीबीपर्यंत जातं आणि फाईल आहे तशी पोचते. आत्यांना डाउनलोड करणं जमत नसेल तर यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ टाका, पण ती लिंक ज्याच्या हातात जाईल तो बघू शकतो हे घरच्यांना आधी सांगा. आणि तिथं आधी लहान करून टाकू नका, यूट्यूब स्वतः कॉम्प्रेस करतंच, त्याला आपल्याकडची चांगली फाईल द्यायची. १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ घेत नसेल तर मोबाईल नंबर देऊन अकाउंट व्हेरिफाय करा, मग घेतं.

प्रश्न: नातीचा गॅदरिंगमधला नाच आयफोनवर घेतला, ४के ६०. सहा मिनिटांचे २ जीबीच्या वर झाले आणि गावाकडच्या कॉम्प्युटरवर नुसता आवाज येतो, चित्र काळं. फोन बिघडलाय का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर: फोन चांगला आहे काका. ४के ६० ला (मोठं चित्र, सेकंदाला ६० चित्रं) मिनिटाला साधारण ४०० एमबी लागतात, १०८०पी ३० ला ६० एमबी. फोन हे एचईव्हीसीमध्ये साठवतो, तो कोडेक २०१३ चा, तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला तो कळत नाही म्हणून चित्र काळं. हँडब्रेकमध्ये ‘फास्ट १०८०पी३०’ घेऊन एच.२६४ करा, चालेल. पुढच्या गॅदरिंगला सेटिंगमध्येच १०८०पी आणि ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून ठेवा, आणि फोन खुर्चीच्या पाठीला टेकवून धरा, हात हलला की सगळं चित्र हलतं, मग नातीसाठी बिट्स उरत नाहीत.

प्रश्न: आमचं मिरजेत तंबोऱ्याचं काम आहे. आबांचं वय झालंय, ते घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस मारून जवारी (तारेचा झंकार) काढतात ते मी घरी मोबाईलवर घेतलं. परदेशातल्या बहिणीला पाठवलं तर ती म्हणते तंबोरा बसका वाजतोय. समोर तर चांगला वाजत होता.
— एक वाचक, मिरज

उत्तर: तंबोरा बसलेला नाही, पाठवताना आवाज बसला. तारेखालचा दोरा सरकवला की तारेतनं जो झंकार उघडतो तो वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो, आणि आवाजाचा बिटरेट कमी केला की कोडेक सगळ्यात आधी वरच्याच फ्रिक्वेन्सी कापतो. म्हणजे आबांनी जे काढलं नेमकं तेच गेलं. तुमचं गणित त्या लग्नाच्या बरोबर उलटं आहे. चित्रात हात सोडला तर काही हलत नाही, मोबाईल स्टँडला लावला की १०८०पी ला आरएफ २३-२४ पण भरपूर होईल, वाचलेलं सगळं आवाजाला द्या, एएसी २५६, डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि बहिणीला हेडफोन लावून ऐकायला सांगा. मूळ रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये अजून असेल तर त्याच्यावरूनच करा, व्हॉट्सअ‍ॅपवरून परत घेतलेल्या फाईलवरून नको. परत घेणार असाल तर पंखा बंद करा, मोबाईल घोडीपासून दोन-अडीच फुटांवर ठेवा, आणि आबा कानस मारायच्या आधी तार कशी वाजते तेही घ्या, म्हणजे तिला फरक ऐकू येईल.