४९ रोमन अंकांत आयएल असं का लिहीत नाहीत? मोठा आकडा पटकन कसा बदलायचा?

आय, व्ही, एक्स, एल, सी, डी, एम तुम्हाला येतात असं धरतो. आकडा हजार, शतक, दशक, एकक असा फोडायचा, एकेक लिहायचा आणि जोडायचा. ४९ म्हणजे ४० आणि ९. एक्सएल, मग आयएक्स. संपलं. आय वजा होतो तो फक्त व्ही आणि एक्समधून. एल आणि सीमधून एक्स, डी आणि एममधून सी. बाकी सगळा आगाऊपणा.

हा आगाऊपणा कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गेटवर ग्रॅनाइटमध्ये कोरलेला आहे. २०२४ मध्ये सोसायटीला २५ वर्षं झाली, म्हणून स्थापनेचं साल रोमनमध्ये लावायचं ठरलं. (देवनागरीने कुणाचं घोडं मारलं होतं, देव जाणे.) १९९९ म्हणजे एमसीएमएक्ससीआयएक्स, सात अक्षरं. कोरणारा अक्षरामागे पैसे घेणार. सेक्रेटरी म्हणाले, "एमआयएम लिहा की! दोन हजारातून एक गेला, तीन अक्षरांत काम."

मी नियम सांगितला, तर त्यांनी लॅपटॉपच उघडला. एक्सेलच्या रोमन सूत्रात १९९९ पुढे स्वल्पविराम देऊन ४ टाकला की खरंच एमआयएम येतं. अहो, तो ४ म्हणजे 'जास्तीत जास्त आखूड करून दे'! तो काढा, सातच्या सात अक्षरं येतात. पण "तुम्हाला कॉम्प्युटरपेक्षा जास्त कळतं का?" म्हटल्यावर हात वर झाले आणि ठराव पास. आता डिलिव्हरीवाली पोरं वॉचमनला विचारतात, पक्षाचं ऑफिस आत आहे का?

आता खरं सांगायचं तर रोमन लोकही इतके काटेकोर नव्हते. कोलोसियमच्या ४४ नंबरच्या दारावर एक्सएलपुढे चार आय आहेत, आणि घड्याळांच्या तबकड्यांवरही ४ च्या जागी बऱ्याचदा चार आयच असतात. पण तिथेसुद्धा चाळीस आधी आणि चार नंतर, असंच फोडलेलं आहे. दोन हजारातून एक काढायला कुणी गेलेलं नाही.

३९९९ च्या पुढे अक्षरावर आडवी रेघ द्या, हजारपट होतं. एक्सेल तिथे एरर देतं.

आणि दगडावर कोरायचं असेल तर सरळ १९९९ लिहा, चार अक्षरं होतात. वरच्या एका अक्षराचे पैसे मी देतो, असं मीटिंगमध्ये सांगितलंही होतं. इतिवृत्तात ते घेतलेलं नाही.